तीन एच.पी. की पाच?

२१ जानेवारी

आज शेजारच्या आजोबांच्या गोठ्यातून दूध काढायच्या यंत्राचा व्हॅक्यूम पंप घरी आला. त्यावर आम्हाला मेपलच्या झाडांचा रस ओढायचा आहे. गाई विकून त्यांना दहा वर्षं झाली, पण पंप भिंतीशी बोल्टने आवळलेला तसाच उभा होता. पुलीला हात घातला, हलेना. आजोबांनी वरच्या काचेच्या भांड्यात थोडं तेल सोडलं, दहा मिनिटं थांब म्हणाले आणि मग आम्ही दोघांनी मिळून पुली हळूहळू मागेपुढे केली. आतून ‘टक्’ असा आवाज आला. आतली हवा ढकलणारी चार पाती असतात, त्यातलं खाचेत अडकलेलं एक सुटलं होतं. मग दुसरं, मग उरलेली दोन. आजोबांनी नुसती मान हलवली आणि पुलीवरून हात फिरवला. या पंपाने त्यांची चाळीस जनावरं सकाळ-संध्याकाळ दुहली आहेत.

मोटार मात्र गेलेली. पाच एच.पी.ची होती, झाकण काढलं तर जळक्या वाइंडिंगचा वास अजून येतोय.

इथे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, असे पंप बऱ्याच गोठ्यांत पडून आहेत. १९४०च्या दशकात या एवढ्याशा राज्यात अकरा हजारांवर दूधउत्पादक होते, आता काही शे उरलेत. गोठे रिकामे झाले, पण डोंगरउतारावरची मेपलची झाडं तिथेच आहेत. दूध ओढणारे पंप तिकडे रस ओढायला गेले.

२५ जानेवारी

दादाला व्हिडिओ कॉल लावला. कागलला आमचं गुऱ्हाळ होतं तेव्हा चरकाची मोटार, विहिरीवरची मोटार, सगळं तोच बघायचा. त्याने पंप बघितला आणि पहिला प्रश्न केला, “थ्री फेज किती लांबनं आणलाईस?”

“इथे थ्री फेज नाही रे. सिंगल फेजच.”

“अमेरिकेत थ्री फेज नाही म्हणतीस?”

त्याला खरंच वाटेना. आमच्या शिवारात कुठल्याही विहिरीवर जा, पाच एच.पी.ची थ्री फेज मोटार असते; वीज कधी येईल ते सांगता येत नाही, पण आली की तीन फेज येतात. इथे वीज चोवीस तास असते, पण खेड्यातल्या रस्त्यावरून एकच फेज जातो. घराला २४० व्होल्ट मिळतात, तेही सिंगल फेजच. म्हणजे एकतर सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटार घ्यायची, नाहीतर थ्री फेज मोटार घेऊन तिच्यापुढे ड्राइव्ह बसवायचा, जो एका फेजचे तीन करून देतो. पेट्रोल इंजिनही चालतं, वीज नसलेल्या रानात बरेच जण तेच लावतात. पण रस रात्री दहापर्यंत वाहत असला तर दर दोन तासांनी टाकी भरायला कोण जाणार?

२ फेब्रुवारी

दिवसभर आकडेमोड. आमचे टॅप, म्हणजे झाडांना भोक पाडून बसवलेल्या तोट्या, ६०० आहेत. इथला ठोकताळा असा की दर शंभर टॅपमागे मिनिटाला एक घनफूट हवा ओढता आली पाहिजे, वर नळ्यांतली गळती आणि रिलीजरसाठी (व्हॅक्यूम न मोडता नळ्यांतला रस बाहेर काढणारं भांडं) थोडी जास्त. आजोबांच्या जुन्या कागदांत या पंपाची क्षमता ३० घनफूट लिहिली आहे, पण ती पाऱ्याच्या १५ इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात; आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त). म्हणजे हवेची ददात नाही. पात्यांच्या पंपाला दर दहा घनफुटांमागे एक एच.पी. लागते, हे आजोबांना तोंडपाठ आहे. मग तीन एच.पी. पुरायला हवी. जुनी पाचची का होती, असं विचारलं तर म्हणाले, “त्या वर्षी लिलावात तीच मिळाली.”

माझा जीव मात्र दुसऱ्या गोष्टीने धास्तावला आहे. दूध काढताना पंप १३-१४ इंचांवर चालतो, त्याहून जास्त ओढलं तर गाईच्या सडांना इजा होते. झाडाला २० इंचांच्या वर ओढ लागते. अंडरहिलच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय की दर एका इंचामागे रस ५ ते ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून सगळे आकडा वर नेतात. पण १५ इंचांवर पंप हवा दुप्पट दाबून बाहेर टाकतो. २५ इंचांवर तीच हवा सहापट दाबावी लागते. वर आत येणारी हवा कमी, म्हणजे उष्णता बाहेर नेणारंही काही उरत नाही. पंप तापतो, तेल पातळ होतं, पाती घासतात. मोटार मोठी घेतली की हा प्रश्न सुटतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो सुटत नाही. मोठी मोटार जाम होत चाललेल्या पंपालाही फिरवत राहते आणि पुरता मारते.

खरं तर मोटारीवरचा भार सर्वांत जास्त असतो तो सर्वांत खोल व्हॅक्यूमला नव्हे, मधेच, १८-१९ इंचांच्या आसपास. पुढे हवा जास्त पट दाबावी लागते, पण ओढायला हवाच उरत नाही. हे कागदावर पटलंय, मीटरवर बघायचंय.

८ फेब्रुवारी

एका ठिकाणी ‘पाच एच.पी.’ची नवी मोटार निम्म्या किमतीत दिसली. कंप्रेसरसाठीची. नेमप्लेट वाचली: २३० व्होल्ट, १५ अँपिअर. गुणाकार केला, ३४५०. पाच एच.पी. म्हणजे ३७३० वॅट. जेवढी वीज ती घेऊच शकत नाही तेवढी ताकद ती देणार कुठून? शिवाय शाफ्ट पाच-अष्टमांश इंच, बोटाएवढा बारीक. पट्ट्याच्या ओढीने बेअरिंग जायचं. ठेवून आले.

खऱ्या पाचच्या विरुद्ध आणखी एक कारण आज नक्की झालं. मीटरपासून पंपाच्या खोपटापर्यंत २५० फूट केबल आहे, आठ गेजची, तांब्याची. सिंगल फेजची पाच एच.पी. पूर्ण भाराला २८ अँपिअर घेते, तीन एच.पी. १७. चालू होताना त्याच्या सहापट. पाचला त्या क्षणी केबलमध्येच पन्नासच्या वर व्होल्ट गळतात, तीनला तेहेतीस. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घसरते, म्हणजे पाचची मोटार नेमकी उठण्याच्या वेळी साठ टक्क्यांवर येते. आणि उठायचं कधी? उणे सहातून नुकत्याच वर आलेल्या सकाळी, पंपातलं तेल काकवीसारखं झालेलं असताना.

दादा म्हणाला, “सिंगल फेजचीच घे. कपॅसिटर गेला तर अर्ध्या तासात बदलशील. ड्राइव्ह गेला तर हंगाम गेला.” ड्राइव्हचा मोह मला खूप होता: हळू उठते, वेग हवा तसा करता येतो. पण ओलसर, गारठलेल्या खोपटात तो ठेवायला मन धजेना, आणि हंगाम इथे जेमतेम सहा आठवड्यांचा.

१६ फेब्रुवारी

घेतली. तीन एच.पी., १७४० फेरे, पूर्ण बंद बॉडी, शेतकामाची, दोन कपॅसिटरवाली, शाफ्ट एक इंचाला एक अष्टमांश जास्त. नेमप्लेटवर १५ अँपिअर.

आधी मोटारीवर पाच इंची पुली आणि पंपावर आठ इंची होती. पंप हजार-अकराशे फेरे फिरत असे. मी चार इंची घेतली. आता ८७०. हवा वीस टक्के कमी, भारही तेवढाच कमी, तापणंही कमी. याहून हळू न्यायचं नाही असं आजोबांनी बजावलं, कारण या पंपात पात्यांमागे स्प्रिंग नाहीत. फिरण्याच्या जोराने ती भिंतीला टेकतात, वेग पडला की टेकणं सुटतं.

पहिल्यांदा चालू केली तर उलटी फिरली. बाणाशी ताडून बघितलं म्हणून लगेच कळलं. डब्यातल्या दोन तारांची अदलाबदल केली, सरळ झाली.

६ मार्च

रात्री उणे सात, दुपारी पाच. सकाळी आधी पुली हाताने चार वेढे फिरवली, मग स्विच. मोटार एकदा हुंकारली आणि उठली. टाँग टेस्टर, म्हणजे अँपिअर मोजायचा चिमटा, तारेला लावून बसले. मोकळ्या हवेत साडेनऊ अँपिअर. दहा इंचांवर बारा. अठरावर १४.१. आणि २१वर १३.७! काटा पुढे आणि अँपिअर मागे. वही हातात होती तरी आकडा लिहायला विसरले, नुसती बघत राहिले.

व्हॅक्यूम त्याहून वर जाऊ नये म्हणून एकवीसवर रेग्युलेटर लावून थांबले. तासाभराने पंपाची बॉडी ८२ अंश. तेलाचे थेंब मोजले, मिनिटाला बारा. ते वाढवून अठरा केले, अर्ध्या तासात ७६.

अकराच्या सुमारास वरच्या निळ्या नळीत रस दिसू लागला. आधी बुडबुडे, मधेमधे रसाचा तुकडा, मग सलग धार. रिलीजर भरला, उलटला, पुन्हा भरू लागला. जेमतेम दोन टक्के साखर, चवीला पाणीच. एक लिटर पाक व्हायला असा चाळीसेक लिटर लागेल. आमच्या उसाच्या रसाशी तुलनाच नको, तरी काहीलीवरची वाफ आठवली.

आजोबा दुपारी आले. पंपावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले, डोळे मिटून. मग काट्याकडे बघून म्हणाले, “माझ्या गाईंना हे सोसलं नसतं.” नळीतला रस बघितला आणि उद्या परत येतो म्हणाले.

रात्री नऊला बाहेर शून्याखाली गेलं, धार तुटली. स्विच बंद केला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टप्‌कन बसला, पुली जागच्या जागी थांबली, उलटी फिरली नाही. पट्टा नवा आहे, थोडा सैल पडलाय; सकाळी मोटार अर्धा इंच मागे ओढून घ्यायची आहे.