पाच बाटल्या आणि एक पंप

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी आमचं लेकरू भरती झालं. पाच महिन्यांचं होतं. आधी नुसतं नाक वाहत होतं, मग छातीत मांजर गुरगुरल्यासारखी घरघर. दूध ओढेना. "पोट उडून राह्यलं वो लेकराचं," म्हणत सासूबाई बिब्बा शोधायला उठल्या. चटका द्यायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. तेवढ्यात गावच्या आशा कार्यकर्ती ताई आल्या म्हणून वाचलो. त्यांनी झबलं वर केलं, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावलं आणि श्वास मोजले. चौसष्ट. या वयाला 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. फासळ्यांखाली खळगाही पडत होता. लगेच 108 बोलावली.

चार दिवस ऑक्सिजन. ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे विषाणूमुळे बारीक श्वासनळ्या सुजलेल्या. घरी आलो, वाटलं सुटलो.

कसलं काय! पहिला वाढदिवस होईपर्यंत घरघर अजून पाचदा आली. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दर वेळी एक इंजेक्शन आणि अँटिबायोटिकची नवी बाटली. मी रात्री मोबाइलवर वाचत बसायची. अमेरिकेतल्या 17 केंद्रांत अशाच भरती झालेल्या 842 बाळांच्या नाकातले जंतू तपासले होते. तीन आठवड्यांनंतरचा नमुना तर आईबापांनीच घेतला होता. त्यात ज्यांच्या नाकात मोरॅक्सेला किंवा स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू जास्त सापडले, त्या बाळांना पुन्हा पुन्हा घरघर होण्याचा धोका जास्त दिसला. मला वाटलं, सापडला चोर!

सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत भरल्या, एसटीनं सेवाग्रामचं हॉस्पिटल गाठलं आणि डॉक्टर मॅडमला म्हटलं, "याच्या नाकाचा स्वॅब घ्या."

मॅडमनी आधी चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. पाच अँटिबायोटिक. मग म्हणाल्या, "ताई, हे जंतू धडधाकट लेकरांच्या नाकातही राहतात. जंतूंमुळे घरघर होते की नाजूक श्वासनळ्यांच्या लेकरात ते जास्त वाढतात, हे अजून ठरलेलं नाही. स्वॅबमध्ये ते निघाले तरी माझं औषध बदलणार नाही." मी जरा हिरमुसलेच, खोटं कशाला सांगू. उलट त्यांनीच विचारलं, "घरात चूल आहे?"

सिलिंडर आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवर पऱ्हाटीनंच, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांनीच तापतं. अन् लेकराचा पाळणा त्याच खोलीत, धुरात.

त्यांनी श्वासातून औषध द्यायचा पंप आणि त्याला जोडायची मास्क लावलेली पोकळ नळी, म्हणजे स्पेसर दिला. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, एकदा दाबायचं आणि लेकराचे पाच-सहा श्वास होऊ द्यायचे. मास्क सैल राहिला तर औषध बाहेरच जातं, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. पहिला आठवडा नुसती कुस्ती! शेवटी रिकामा स्पेसर बाहुलीच्या तोंडाला लावून खेळलो, तेव्हा जमलं. "पंपाची सवय लागते," हे मात्र गावात ज्यानं त्यानं ऐकवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, सवय लागत नाही. मी तेच सांगत सुटले.

न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीचा नऊ महिन्यांचा डोस या धावपळीत राहून गेला होता, तोही उपकेंद्रात घेतला.

आता लेकरू दोन वर्षांचं आहे. या हिवाळ्यात एकदाच घरघर झाली, घरीच पंपावर भागलं. श्वास सासूबाईच मोजतात, घड्याळ मला धरायला लावतात. चूल अंगणात नेली. पावसाळ्यात पाणी कुठं तापवायचं, यावरून मात्र आमच्याकडे अजून रोज वाजतं.