दीड ग्रॅम

काकांची राजदूत ३५० उन्हाळ्यात पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा तक्रार एकच होती. डावा प्लग २०० किलोमीटरमध्ये काजळीने भरतो, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय; उजवा मस्त चॉकलेटी राहतो, म्हणजे बरोबर. काका ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. गाडीची वही ठेवतात; कुठलं पॅकिंग कधी बदललं ते तारखेसकट.

दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. दोन्ही उघडले, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) धुतले, नीडल आणि सीट (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक) नव्या टाकल्या. मग फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणाऱ्या पोकळ पितळी डबीची, उंची व्हर्नियरने मोजली. यात खुबी एवढीच, की फ्लोटची पत्ती नीडलला नुसती टेकते तिथे माप घ्यायचं, फ्लोटचं वजन नीडलवर पडू द्यायचं नाही. नाशिकच्या द्वारका परिसरातले निम्मे फिटर हे मोजतच नाहीत, हवेचा स्क्रू फिरवत बसतात. माझ्याकडे दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्या.

तरी डावा काळाच. मग मी ते केलं, जे दुसऱ्याने केलं तर मी त्याला हसतो. डाव्याचा मेन जेट दोन नंबर लहान टाकला. प्लगचा रंग सुधारला. काका खूश, मीही खूश.

दिवाळीनंतर गाडी परत आली. आता स्टँडवर उभ्या उभ्या डाव्या बाजूने पेट्रोल टपकत होतं. काकांच्या शेजाऱ्याने इथेनॉलवर खापर फोडून झालं होतं. हल्ली हे बरं आहे, क्लच घसरला तरी इथेनॉल! पण नीडलच्या रबराला काहीच झालं नव्हतं. सीट कोरडी धरून तोंडाने फुंकली, हवा अडत होती.

तेव्हा कुठे मी नळी काढली. जुन्या बाऊलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीच्या, खालच्या बोल्टला आरपार भोक पाडून त्याला अंबडच्या लेथवाल्याकडून तांब्याची बारीक नळी जोडून घेतलेली आहे. तिला पारदर्शक पाइप लावायचा, कार्ब्युरेटरच्या अंगाला उभा धरायचा आणि पेट्रोलचा कॉक उघडायचा. बाऊलमध्ये पेट्रोल जिथे थांबतं, तिथेच पाइपमध्ये थांबतं. गाडी मात्र मेन स्टँडवर सरळ हवी. उजवीकडे पाहिलं, खूण केली. डावीकडे पेट्रोल ४ मिलिमीटर वर.

फ्लोट काढला आणि कानाशी हलवला. आत खुळखुळलं.

हे उन्हाळ्यातच करायला हवं होतं. तीन सेकंदांचं काम. व्हर्नियर पत्ती कुठे आहे ते सांगतो, फ्लोट किती बुडतोय ते नाही. दोन्ही फ्लोट घेऊन थेट सराफ बाजार गाठला. ओळखीच्या सोनाराने काट्यावर ठेवले आणि म्हणाला, "काय रे, पितळ मोडीत काढतोस?" डावा दीड ग्रॅमने जड. म्हणजे साधारण दोन मिली पेट्रोल पोटात घेऊन तो बसला होता, आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं पीतच होता.

गॅरेजवर येऊन तो गरम पाण्यात दाबून धरला. सांध्याजवळून मोत्यांसारखे बुडबुडे यायला लागले. सगळं पेट्रोल उडून जाईपर्यंत पाणी चार वेळा बदललं. घाईने सोल्डरिंगची गरम इस्त्री लावली असती तर फ्लोट हातात फुटला असता. मग कथलाचा एवढासा ठिपका. जास्त झाला तर पुन्हा वजन. पुन्हा सराफ बाजार. उजव्यापेक्षा फक्त ०.१ ग्रॅम जास्त. नळी लावली, दोन्ही पातळ्या एका रेषेत. असं काम झालं की मला चहाही गोड लागतो.

संध्याकाळी ट्रायलला त्र्यंबक रोडला गेलो. महिरावणी सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला म्हणून रेस पूर्ण उघडली. गाडी अशी पळाली की बस. मग इंजिनचा आवाज आवळल्यासारखा झाला आणि मागचं चाक क्षणभर अडलं. बोटं आपोआप क्लचवर गेली.

कडेला थांबून डावा प्लग काढला. पांढराफटक.

लहान मेन जेट तसाच आत होता. वाढलेल्या पातळीने तो आतापर्यंत सांभाळून घेतला होता. मी पातळी खाली आणली, डाव्याला पेट्रोल कमी पडलं आणि तापून पिस्टनने सिलिंडरला पकडलं. जेट मीच टाकला होता, आणि माझ्याकडे वही नाही.

रात्री सिलिंडर उचलला. पिस्टनवर तीन-चार उभे ओरखडे, रिंगा मोकळ्या. बारीक पॉलिश पेपरने घासले, पॅकिंग नवं टाकलं, मूळ जेट बसवला. पुन्हा त्याच रस्त्याला दोनदा पळवली. दोन्ही प्लग चॉकलेटी.

काका घ्यायला आले. बिलावर मी 'फ्लोट रिपेअर' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या सिलिंडरपाशी वाकले.

"पॅकिंग नवीन दिसतंय."

"हो काका, बदललं."

"गळत होतं?"

"जुनं झालं होतं."

त्यांनी खिशातून वही काढली, तारीख टाकली आणि ते तसंच लिहून घेतलं.