आतली माया संपली

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. रात्र.

"वहिनी, आतली माया संपली बघा."

शिंपीकाका एवढंच म्हणाले, तेही नजर ब्लाउजवरच ठेवून. पमीच्या मुलाच्या लग्नात जांभळा शालू नेसायचा म्हणून आज सांगलीच्या खणभागात गेले होते. मंगळवार, त्यात लग्नसराई. गणपतीसमोरून रिक्षा पुढे सरकेना, तेव्हा उतरून चालतच गेले आणि दुकानात पोचेपर्यंत धाप लागली. काकांनी स्टूल पुढे केलं. पूर्वी करत नसत.

शालू लग्नातला, पण ब्लाउज २०१७ चा. तेव्हाच्या मापाचा, चौतीसचा. शिवताना काकांनी दोन्हीकडे चांगली दोन-दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवली होती. मी म्हटलं होतं, एवढी कशाला, कापून टाका की. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माणसाचं अंग हाय, परत लागंल." चार दिवस राग होता मला त्यांचा. छेचाळीस किलो उतरवून आलेल्या बाईशी असं बोलतात का कोणी?

आज त्यांनी तो उलटा करून ट्यूबलाइटखाली धरला. शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीच्या पलीकडचं कापड जरा जास्त गडद, कारण तेवढे दिवस ते आत दडलेलं. शेवटची शिवण अगदी काठावर, तिच्यापुढे नुसते दोरे. मी वजनाची वही ठेवते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. त्या वहीत मी आकडे थोडे कमीच लिहिते. ब्लाउजला ते जमलेलं नाही.

घरी आल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे. जेवताना ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, ब्लाउज होत नाही. "मग दुसरा शिव की." झालं. संपला विषय.

वजन उतरवायचं ऑपरेशन करूनही ते परत चढलं, यात माझं चुकलं का? हेच विचारायचंय मला, पण कुणाला विचारू? पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं गेल्या महिन्यात, तर ते म्हणाले, असं बघायचं नसतं. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, काहींचं वजन परत चढतं, तेव्हा उपाय पुढचा करायचा. चांगलं बोलले. कोयना एक्सप्रेसनं परतताना मला मात्र वाटत राहिलं, की चुकलं नाही असं त्यांनी कुठे म्हटलं?

त्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष मला भूक म्हणजे काय हेच आठवत नव्हतं. औषधाच्या इवल्याशा कपातनं डाळीचं पाणी, घोट घोट, घड्याळाकडे बघत. ११६ वरून ७०. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गेले ते आले. सासूबाई म्हणायच्या आजारी दिसतेस, मी आरशासमोरनं हलत नव्हते. भूक परत आली ती २०१९ च्या पुरानंतर. गावभागातलं घर, आई, सगळं एकाच पावसात... ते आज नको.

तर आता ९२. आमच्याकडे पावसाळ्यात जो तो आयर्विन पुलाची पातळी विचारतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. तसं मी ठरवलेलं, ७५ ला इशारा आणि ८० ला धोका. दोन्ही आकडे बघता बघता मागे गेले. मीही पूर बघायला पुलावर उभ्या राहणाऱ्या माणसांसारखी नुसती बघतच होते.

माझं चुकलंच आहे थोडं. डाएटिशियन पोरगी, आमच्या चिऊएवढी, म्हणाली दिवसभरात काय काय खाता ते लिहा. मी लिहिलं: चहा, अर्धी भाकरी, वाटीभर वरण, एक अंडं. सगळं खरं. भाकरीचा चौथा घास अजूनही छातीत अडकतो, उठून उभं राहावं लागतं. पण भडंग अडकत नाही. भडंग लिहिलंच नाही मी. लसणाचं, तिखट, शेंगदाणे घातलेलं, बँकेतल्या ड्रॉवरमध्ये पाव किलोचा पुडा. तोंडात विरघळतं आणि त्या नळीतनं सरळ खाली जातं, पोट भरल्याचा निरोपच येत नाही. तिनंच पुढे सांगितलं, अशा कुरकुरीत, सरकत्या खाण्यानंच बऱ्याच जणांचं वजन परत येतं. "तुमच्याकडे सांगलीत काय असतं हो तसं?" मी म्हटलं, काही खास नाही.

सांगलीत बसून भडंगाला नाकारलं मी! खोटेपणाची हद्द झाली.

खोटं बोलायची मला सवय आहे म्हणा. २०१६ मध्ये ऑपरेशनला गेले तेव्हा सगळ्यांना हर्निया सांगितला होता. बँकेत हर्निया, चाळीत हर्निया, वन्संना पण हर्निया. वजनासाठी पोट कापून घेतलं म्हटलं असतं तर म्हणाले असते, तोंड आवरायला ऑपरेशन लागतं होय? ते वाक्य कुणीच बोललेलं नाही, पण नऊ वर्षं मी ते ऐकतेय. आता दुसऱ्यांदा करायचं म्हटलं की तेच वाक्य जोरात. एकदा केलंस, पैसे घातलेस, तरी?

आणि गंमत अशी, की मिरजेत एंडोस्कोपी केली त्याच्या रिपोर्टात काय आलं? हायटस हर्निया. जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातनं वर सरकलाय. अन्ननलिका आतून लाल झालीय, म्हणून रात्री तीन उशा लावूनही घशाशी आंबट येतं. मी तिथल्या बाकावर बसून एकटीच हसले. शेजारच्या आजी मला लांब सरकून बसल्या. नऊ वर्षं बोललेलं खोटं अखेर अंगात उतरलं.

डॉक्टरांचं म्हणणं, स्लीव्हचा बायपास करून घ्यावा. त्या नळीचा वरचा छोटा भाग वेगळा करून लहान आतड्याला जोडायचा, हर्निया त्याच वेळी दुरुस्त. आंबट पाण्याला तो चांगला उपाय. पण पहिल्यासारखं वजन उतरेल ही आशा धरू नका म्हणाले, दुसऱ्या वेळी सहसा कमीच उतरतं. आत सगळं चिकटलेलं असतं, जोडातून गळती व्हायचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. जुन्या ऑपरेशनचे कागद मागितले, ते २०१९ ला कृष्णेने नेले. मार्चपासून मिळतंय ते मौंजारोचं, वजन उतरवायचं इंजेक्शनही त्यांनी सुचवलं, आठवड्याला एक. पण बंद केलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, आणि आंबट पाणी आहे तिथेच.

विम्याचं तर विचारूच नये. पॉलिसीत लिहिलंय बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४०, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असलं काहीतरी. माझी साखर गोळीनं आटोक्यात. बीएमआय ३७.८. म्हणजे विमा हवा तर अजून सव्वापाच किलो चढवायचे. मला जमेल ते. तेवढं तर मी भडंगावर करून दाखवीन.

ह्यांना हे ऐकवलं तर पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "पैशाचं बघू, तुला काय वाटतं ते सांग." मला काय वाटतं ते कळलं असतं तर इथे लिहीत बसले असते का?

एक मात्र आज कळलं, आणि चांगलं नाही कळलं. एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. दुखण्यामुळे नाही, निमित्त मिळालं म्हणून. वन्संना सांगता येईल, पित्तासाठी ऑपरेशन आहे. खरंच आहे ते. पण ऑपरेशन करावं की नाही याच्या आधी मी लोकांना काय सांगायचं ते ठरवून बसलेय. ९२ किलोंत यातलं किती वजन आहे कोण जाणे.

काका म्हणाले, काखेत पट्टी जोडतो, पदराखाली दिसणार नाही. जांभळ्याशी जुळणारं कापड शोधायला त्यांनी चिंध्यांचं अख्खं गाठोडं सोडलं. दोन तुकडे खांद्याशी धरून बघितले, तिसरा जुळला. मग खडू कानाला लावून विचारलं, "पट्टीत माया किती ठेवू?"

मी म्हटलं, ठेवा जरा. आत घ्यायलाही लागेल कदाचित.

"दोन बोटं ठेवतो," म्हणाले. शुक्रवारी देणार आहेत. ट्रायलला यायचं असेल तर अकराच्या आत, नंतर गर्दी असते.