मलावीत शिकवायला गेले तेव्हा

मिरजेत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून अकरा वर्षे काम केल्यावर, २००६ साली, मी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून आफ्रिकेतल्या मलावी या देशात जाण्यासाठी अर्ज केला. ब्रिटन आणि ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग व मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) यांच्या मदतीने तिथल्या सरकारने २००४ मध्ये आरोग्य मनुष्यबळाचा तातडीचा कार्यक्रम सुरू केला होता. स्थानिक कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर, प्रशिक्षण संस्थांचा विस्तार आणि नवे लोक तयार होईपर्यंत परदेशी डॉक्टर, असे त्याचे स्वरूप होते.

कागदपत्रांतच सात महिने गेले. पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या, एवढ्यावरून एका कार्यालयात फाइल सहा आठवडे अडली. राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडली तेव्हाच ती सुटली. जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी ही प्रत आधीच काढून ठेवावी.

राजधानी लिलाँग्वेला पोहोचल्यावर स्वतंत्र काम मिळण्याआधी मला काही आठवडे तिथल्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठेवले, आणि ते योग्यच होते. मलावीत बहुतेक सिझेरियन डॉक्टर करत नाहीत. तीन वर्षांची पदविका आणि एक वर्षाची आंतरवासिता केलेले क्लिनिकल ऑफिसर करतात. हे वाचले होते, तरी मन साशंक होते. पहिल्याच रात्री बाळाचे डोके ओटीपोटात घट्ट रुतलेली एक बाई आली. गर्भाशय उघडल्यावर त्या तरुण ऑफिसरने ओढाताण केली नाही; सुईणीला हातमोजा घालून खालून डोके हलकेच वर ढकलायला सांगितले, कळ ओसरेपर्यंत तो थांबला आणि मग हात डोक्याखाली सरकवला. बाळ निळे पडले होते. सुईणीने पुसून अंबू बॅगने, म्हणजे मास्क जोडलेली पिशवी हाताने दाबून, श्वास दिले, तेव्हा ते रडले. त्या रात्री शिकणारी मी होते.

पुढे दोन वर्षे जिल्हा रुग्णालयात मी विद्यार्थ्यांना शिकवले. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर हवा बाजूने निघून जाते आणि बाळाची छाती हलत नाही, हे बाहुलीवर शंभरदा करून घ्यावे लागे.

मलावीच्या आरोग्यसेवेतील अकरा प्रमुख संवर्गांतील कर्मचारी २००४ मधील ५,४५३ वरून २००९ मध्ये ८,३६९ झाले. प्रशिक्षणाला पैसा देणारे पुष्कळ भेटतात, पण शिकलेल्या माणसाच्या पगाराला हात लावायला देणगीदार कचरतात. या कार्यक्रमाने ते केले, म्हणून मला त्याचे मोल वाटते. पगारात ती भर मिळाली नसती तर शहरातल्या एखाद्या संस्थेत केव्हाच गेलो असतो, असे पहिल्या रात्रीच्या त्या ऑफिसरने मला सांगितले होते. मी परतले तेव्हा तो त्याच शस्त्रक्रियागृहात रात्रपाळी करत होता.