बेताची भीती

भुताखेतांच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात की नाहीत, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे, कारण मोठ्यांनी दिल्या नाहीत तर मुले त्या एकमेकांकडून मागून वाचतातच. प्रश्न उरतो तो कोणत्या द्याव्यात याचा. ओळखीतल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तके निवडण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आहे. साहसकथा किंवा विज्ञानकथा दिली, तर पालक 'चांगली आहे ना?' एवढे विचारून समाधान पावतात. भयकथेच्या बाबतीत मात्र माझ्याकडून जवळजवळ हमीपत्राची अपेक्षा असते.

जुन्या पुस्तकाचा जामीन राहायला निदान कोणीतरी वाचक सापडतो. नव्या पुस्तकाला तसे कोणी नसते आणि मुलांना तर नवेच हवे असते, कारण वर्गातल्या मैत्रिणीने आधीच शेवट सांगून टाकलेली भयकथा वाचण्यात काय अर्थ? पाठराखणीवर विसंबावे, तर तिथे प्रत्येक पुस्तक 'झोप उडवणारे' असते आणि मुखपृष्ठांवर तोच चंद्र, तोच कावळा, तेच गंजलेले फाटक. त्यामुळे पुस्तक स्वतः वाचण्यावाचून गत्यंतर नसते, आणि मी तर शेवटचे प्रकरण आधी वाचतो. रहस्यकथेच्या वाचकाला हे पाप असले, तरी निवडणाऱ्याला माफ असावे.

स्वतःच्या अंगावर येणाऱ्या काट्यावर मात्र मी भरवसा ठेवत नाही. नील गेमन यांची 'कोरलाइन' 2002 साली प्रसिद्ध झाली. तीत एका दारापलीकडच्या घरात मुलीला आपल्या आईसारखीच, पण डोळ्यांच्या जागी काळी बटणे असलेली 'दुसरी आई' भेटते. ही गोष्ट मोठ्यांना जास्त घाबरवते आणि मुले ती साहसकथा म्हणून वाचतात, असे खुद्द लेखकाचेच निरीक्षण आहे. मला ते पटते. वाचणाऱ्या मोठ्या माणसाला संकटात सापडलेले लेकरू दिसते आणि त्याचा जीव खालीवर होतो. मूल मात्र त्या मुलीच्या जागी स्वतः उभे राहून सुटकेची वाट शोधण्यात गुंतलेले असते.

म्हणून 'किती भीतीदायक?' यापेक्षा भीती पानावर कशी आणली आहे, हे मी पाहतो. याच लेखकाच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक'च्या आरंभीच अंधारात सुरी धरलेला एक हात आहे आणि एक कुटुंब मारले गेलेले आहे. तरीही या पुस्तकाला 2009 साली बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. खून गोष्ट उघडण्यापूर्वीच होऊन गेला आहे, त्याचे रसभरीत वर्णन नाही, आणि वाचलेल्या तान्ह्या मुलाला सांभाळायला स्मशानातली भुतेच पुढे येतात. मुलाला आधार देणारे कोणीतरी गोष्टीत असले, मग ते भूत का असेना, की या वयाचा वाचक बराच अंधार पचवतो, असा माझा अनुभव आहे.

चित्रे मात्र मी शब्दांपेक्षा कडक नजरेने तपासतो. ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांवरून रचलेल्या भयकथांचा पहिला संग्रह 1981 साली आला आणि पुढे या मालिकेविरुद्ध अमेरिकेतल्या ग्रंथालयांत इतक्या तक्रारी झाल्या की 1990 ते 1999 या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ती पहिली आली. गोष्टी तशा छोट्या आणि सरळ आहेत. खरी दहशत स्टीफन गॅमेल यांच्या ओघळत्या, विस्कटत्या चित्रांची होती. पुढे एका आवृत्तीत ती बदलून सौम्य चित्रे घातली, तेव्हा जुने वाचकच नाराज झाले आणि कालांतराने मूळ चित्रे परत आली. शब्द वाचताना मूल आपल्याला झेपेल एवढेच भूत मनात रंगवते, पण छापलेले चित्र तशी सवलत देत नाही.

काही पुस्तके मी सरळ बाजूला ठेवतो. लंगडा पाय, भाजलेला चेहरा किंवा वेडसरपणा एवढ्याच भांडवलावर ज्यांतला खलनायक भीतीदायक ठरवला आहे, ती पहिली. दुसरी, शेवटी सगळे भूत म्हणजे चोरांचा बनाव होता, असे सांगून मोकळी होणारी. मोठ्यांना हा शेवट सुरक्षित वाटतो, पण दहा वर्षांच्या वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि त्याचे म्हणणे खरेही असते. याउलट, मोबाइलची विल्हेवाट हुशारीने लावणारा लेखक मला लगेच आवडतो. आजच्या भयकथेत हे काम सुरुवातीलाच उरकावे लागते, नाहीतर नायिका घरी फोन करील आणि गोष्ट संपेल. रेंज गेली, चार्जिंग संपले, हे सगळे वापरून झालेले आहे. पण फोन नीट चालू असून पलीकडून बोलणारा आवाजच आईचा नसेल, तर ते पुस्तक मी उभ्या उभ्या वाचून काढतो.

आठ वर्षांचा वाचक आणि बारा वर्षांचा वाचक एकाच कपाटापाशी उभे असतात, ही या कामातली खरी अडचण आहे. मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या नायकाच्या गोष्टी आवडत असल्यामुळे लहानगा नेमका मोठ्याच्याच पुस्तकाकडे हात पुढे करतो. मी सहसा अडवत नाही. चित्रपट आपल्या गतीने पुढे सरकत राहतो, पण पुस्तक मध्येच मिटता येते, नको ते पान उलटता येते आणि उरलेले उद्या सकाळी उजेडात वाचता येते, एवढे मात्र त्याला आवर्जून सांगतो.

पालकांनी हमी मागितली, तर पुस्तक आधी त्यांच्याच हातात देतो. मग ते परत यायला फार वेळ लागतो आणि दरम्यान मूल येऊन तक्रार करते, की बाबांचे अजून वाचून होत नाही, कारण ते रात्री वाचायला तयार नाहीत.