सहीच्या वरचा मजकूर

शाळा व्यवस्थापन समितीवर माझं नाव कसं लागलं ते आधी सांगते. पालकसभा होती. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले, 'कायद्याने निम्म्या बायका लागतात, वहिनी, तुमचं नाव टाकू का?' मी म्हटलं, टाका. झाली निवडणूक.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं पोरगं रजिस्टर घेऊन घरी यायचं. 'काकू, सरांनी सही मागितलीय.' तव्यावर भाकरी असायची. हाताचं पीठ झटकून मी सही करायचे. वाचायचा प्रश्नच नव्हता. कधीकधी तर वर वाचायला काही नसायचंच, पान कोरं असायचं.

2023 च्या पावसाळ्यात तिसरीतला माझा मुलगा सांगायला लागला की, पाऊस आला की आम्ही दप्तर डोक्यावर धरतो. जाऊन बघितलं. पत्र्याला भोकं, मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर. सर म्हणाले, पैसे नाहीत, वर कळवलंय. मी सदस्य आहे, इतिवृत्ताचं रजिस्टर दाखवा म्हटलं, तर शाळेचे कागद तपासणीला केंद्रशाळेवर गेलेले. पुढच्या आठवड्यात गेले, तरी तिथंच. तिसऱ्या खेपेला मी विचारणं सोडलं.

तालुक्याला पंचायत समितीत गेले. शिक्षण विभागातल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि 'मुख्याध्यापकांशी बोला' म्हणाले. म्हणजे जिथून निघाले तिथंच परत. आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला गाठावं, तर सदस्यच नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, तोवर निवडणूक झाली नव्हती, आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्हा परिषदांसारखाच तेव्हा आमच्याकडेही प्रशासक होता. मत मागायला दारात येणारा माणूसच नसला, की भांडायचं कुणाशी?

आमच्या गल्लीत एक रिटायर ग्रामसेवक राहतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते हसले. 'तोंडी बोललीस? मग तू तिथं गेलीच नव्हतीस असं समज. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. पोच नाही तर अर्ज नाही.'

माहिती अधिकाराचा अर्ज त्यांनीच लिहायला लावला. जोडपत्र अ म्हणजे त्याचा ठरलेला नमुना, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. मी आधी दोन पानं भरून राग लिहिला होता, तो अण्णांनी सगळा खोडला. उरलं एवढंच: आमच्या शाळेच्या मागच्या दोन वर्षांच्या अनुदानाचा हिशेब. त्याखाली समितीचं इतिवृत्त, रोकडवही, बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं यांच्या प्रती.

पंचायत समितीने अर्ज कलम 6(3) खाली वर्ग केला. कुणाकडे, तर मोठ्या सरांकडे! दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात ते म्हणाले, 'वहिनी, घरातली गोष्ट बाहेर कशाला?' मग 30 दिवस शांतता. मग पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. मुदत उलटून गेली होती म्हणून प्रती फुकट द्या, असा आदेश निघाला.

41 पानं आली. रात्री जेवणं झाल्यावर वाचायला बसले. आमच्या शाळेत 112 पोरं, म्हणजे सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेच्या हिशेबात 101 ते 250 चा गट, वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान. पैसे नाहीत म्हणत होते ते हे. आणि मार्चच्या इतिवृत्तात ओळ होती: 'वर्गखोलीच्या छताची दुरुस्ती समाधानकारक झाली असून खर्चास मंजुरी देण्यात येत आहे.' त्याखाली अनुमोदक म्हणून माझं नाव. सही माझीच, खोटी नव्हे.

घरात नवरा म्हणाला, 'सही तुझी, आता तक्रार कुणाची करणार?' बरोबरच होतं. दोन दिवस ती पानं मी पेटीत ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी समितीतल्या बाकीच्या बायकांना दाखवली. एक जण त्या तारखेला बाळंतपणासाठी माहेरी होती आणि कागदावर शाळेत हजर. ती इतकी हसली, की आम्हीही हसलो. मग ठरलं, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत काढायचं.

ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी, तेवढी माणसं लागतात. गावात एरवी तीस जमतात, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही, म्हणून सगळ्यांचं निभावतं. यावेळी बचत गटाच्या बायका घेऊन गेलो. सरपंच म्हणाले, शाळेचा विषय पत्रिकेवर नाही. अण्णा मागून म्हणाले, अर्ज सात दिवस आधी दिलाय, पोच आहे. मी उभी राहिले आणि पहिल्यांदा माझीच सही वाचून दाखवली. 'हे मी न वाचता केलं' म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं, पण नंतर कुणी बोललं नाही.

मोठे सर चोर आहेत असं मला आजही वाटत नाही. हिशेब शाळेत फळ्यासमोर वाचला गेला तेव्हा निम्म्याहून जास्त पैसा थकलेल्या वीजबिलात, खडूत, प्रिंटरच्या शाईत, संडासाच्या नळात गेलेला निघाला. तो खर्च खराच होता. पण छताच्या नावावर लावलेलं बिल कुणालाच सांगता येईना. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी खुलासा मागवला आहे. पुढं काय झालं, ते मी लेखी विचारलंय, पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

छताचं म्हणाल, तर ती खोली दुरुस्तीच्या पलीकडे गेलीय असं बांधकामाचे अभियंता बघून गेले. आता निर्लेखनाचा प्रस्ताव. त्यात समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचा दाखला. जुनी खोली कागदावरून उतरल्याशिवाय नवीन मागता येत नाही. तोवर तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसतात.

रजिस्टर घरी येणं बंद झालं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही शाळेत जातो, सर लिहितात, कुणीतरी मोठ्यानं वाचतं. मजकूर संपतो तिथं मी पट्टीनं आडवी रेघ मारते आणि रेघेला चिकटून सही करते. सरांना ते आवडत नाही. मागच्या वेळी म्हणाले, 'वहिनी, एवढा अविश्वास?' मी पट्टी त्यांना परत दिली.