जुलाबाची गोळी आणि ईसीजी

आजचा दिवस लोपेरामाइडभोवतीच फिरला. हो, जुलाब थांबवणारी तीच साधी गोळी. तीही ओपिऑइडच, म्हणजे अफूच्या जातीचं औषध, फक्त पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पहारेकरी तिला मेंदूत शिरू देत नाही. गोळी 2 मिलिग्रॅमची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला कमाल 16 मिलिग्रॅम. व्यसनात आकडा शंभरापलीकडे जातो आणि पहारा अपुरा पडतो.

घात मात्र हृदयात होतो. ईसीजीतला क्यूटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचं विजेचं चक्र पूर्ण व्हायला लागणारा वेळ) लांबतो, क्यूआरएस (त्या कप्प्यांत वीज पसरतानाची लाट) रुंदावतो, माणूस धाडकन कोसळतो आणि सगळे फिट आली म्हणून मोकळे होतात. लघवीची नेहमीची ओपिऑइड तपासणी निगेटिव्ह. म्हणून कारण न सापडलेल्या बेशुद्धीत आधी ईसीजी, आणि 'पोटासाठी काही घेता का?' हे विचारायचंच. पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून काढायचं. क्यूआरएस रुंद असेल तर सोडियम बायकार्बोनेट. उलटीसाठी सवयीने हात ओंडान्सेट्रॉनकडे जातो, तेही क्यूटी वाढवतं!

ओपिऑइडच्या व्यसनावर दिलं जाणारं मेथाडोन इथे नको, कारण तेच, क्यूटी. त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन बरं, पण जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, विस्फारलेल्या बाहुल्या दिसल्यावरच जिभेखाली 2 मिलिग्रॅमपासून सुरुवात. लोपेरामाइड शरीरात रेंगाळतं. घाई केली तर औषधच विथड्रॉवल, म्हणजे व्यसनाचं औषध तुटल्यावरचा त्रास, ओढवून घेतं.

ट्रॅमाडॉल या वेदनाशामक ओपिऑइडची तऱ्हा आणखी निराळी. ते मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवरही काम करतं, म्हणून एकदम बंद केल्यावर अंगदुखीसोबत काहींना पॅनिक, मुंग्या, भास होतात. मानसिक आजार समजून भलतीच गोळी सुरू करण्याआधी जुनी चिठ्ठी बघा.